सरांची यमकं

कपाट अडून बसलं होतं. किल्ली अर्धी आत जायची आणि पुढे फिरायचं नाव नाही. त्यात सगळे जाडजूड शब्दकोश, आणि टेबलाशी एक आजोबा चष्मा पुसत वाट बघत बसलेले. मी जोर लावला, फुंकर मारली, मनातल्या मनात कपाटाला चार शब्द सुनावले... काही उपयोग नाही.

"अगं, कपाटाशी कुस्ती कसली खेळतेस?" आमच्या ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलाव."

मला वाटलं होतं, कुणीतरी पन्नाशीचे, घोगऱ्या आवाजाचे गृहस्थ येतील. आला तो तिशीचाही नसेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात हत्यारांची छोटी पेटी, आणि बोटांना पितळेचा बारीक कीस लागलेला. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात त्याची बोटं चमकत होती. लायब्ररीत पुस्तकं लावायची सोडून मी बोटं कशाला बघत होते, ते मला विचारू नका.

तो गुडघ्यावर बसला. कुलपाला कान लावला.

"जरा शांत राहाल?" तो हळूच म्हणाला.

"ही लायब्ररी आहे," मी म्हटलं. "इथे शांतच असतं."

"तुमचं पुटपुटणं ऐकू येतंय."

मी ओठ मिटले. ग्रंथपालबाई खोकल्या. तो खोकला खोकल्याचा नव्हता.

दोन मिनिटांत कपाट उघडलं. आजोबांना शब्दकोश मिळाला. किल्लीवाल्याने हत्यारं पुसली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली... आणि गेलाच नाही. कपाटासमोर उभा राहून पुस्तकांच्या पाठींकडे बघत राहिला.

"एक विचारू? हसणार नाही ना?"

"ते विचारल्यावर ठरवते."

"शब्दाच्या शेवटावरून शब्द सापडतील असं पुस्तक असतं का? इंग्रजीचं. म्हणजे... 'कॅट' म्हटलं की 'बॅट', 'हॅट', 'मॅट' सगळं एका जागी."

"यमकांचा कोश? आहे ना. कविता करता वाटतं?"

"मी?" त्याचे कान लाल झाले. "नाही हो. वडिलांसाठी हवंय."

मग त्याने सांगितलं, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

त्याचे वडील चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवायचे. सगळं गाव त्यांना 'सर'च म्हणे. तीन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात मंदावला, आणि बोलणं गेलं. पुढे हळूहळू परत आलं, पण भलतंच. मराठी येईचना. यायचे ते इंग्रजी शब्द, एकेक, तोडके. तेही हवे ते नाहीत. हव्या त्या शब्दाशी जुळणारे दुसरेच.

"कोट हवा असला की 'गोट' म्हणतात. गोट म्हणजे बकरी ना? मी अर्धा तास विचार करतोय, बाबांना बकरी कशाला हवी... चमच्याला 'मून' म्हणतात. खुर्चीला 'बेअर'. पहिला आवाज चुकतो, बाकीचा शब्द शाबूत. डॉक्टर म्हणतात, होतं असं, सुधारेल."

"मग पुस्तकाची एवढी घाई?"

तो खाली बघत अंगठ्यावरचा कीस खरवडायला लागला.

"गेल्या आठवड्यात दोन दिवस ते 'रेन, रेन' म्हणत होते. मी उठून खिडक्या लावत होतो. बाहेर तर लख्ख ऊन... तिसऱ्या दिवशी गाल सुजला तेव्हा कळलं. दाढ दुखत होती. 'पेन' म्हणायचं होतं त्यांना. लिहायचं पेन नाही, दुखणं. दोन दिवस त्यांना दुखत होतं, आणि मी खिडक्या लावत होतो."

मी शिडी ओढली आणि सगळ्यात वरच्या फळीवरून तो कोश काढला. त्याने उघडला, चार पानं उलटली, मिटला.

"ह्यातलं मला काही वाचता येणार नाही," तो म्हणाला. "सरांचा मुलगा, आणि इंग्रजीत नापास. दोनदा. त्यावरून आमचं घरात बरंच... असो. तुम्ही मला लिहून द्याल का? मराठी अक्षरांत? शब्द आणि पुढे अर्थ?"

त्याच दिवशी मी एक शंभरपानी वही काढली. आमच्या बाई नुसत्या बघत होत्या.

*

तो रोज साडेचारला यायचा. त्या वेळी लायब्ररीत पेंगणारे दोन-तीन जण सोडले तर कुणी नसतं. आला की काउंटरवर कोपर टेकायचा आणि दिवसभराचा हिशोब द्यायचा. आज काय काय म्हटले, काय सापडलं, काय नाही.

"आज 'फिश'."

"डिश, विश," मी लिहायला लागायचे. "डिश म्हणजे बशी, विश म्हणजे इच्छा..."

"मी दोन्ही करून बघितलं. बशी दिली, ढकलली. इच्छा विचारली, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा नववीत."

"आणि मग?"

"मग काही नाही, खरंच मासा! रस्त्यावर मासेवाली ओरडत होती. तो एक शब्द चुकून बरोबर आला."

आम्ही दोघं तोंडावर हात धरून हसलो. पेंगणाऱ्यांपैकी एक जण दचकून जागा झाला.

गंमत म्हणजे, त्याला शब्द भराभर पाठ व्हायला लागले. "सोपं आहे हो," तो म्हणायचा. "आमच्याकडे दोन किल्ल्या शेजारी धरल्या तर अगदी सारख्या दिसतात, फक्त पहिला दात वेगळा. तेवढ्याने एक कपाटाची होते, एक घराची. शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर मी पहिला आलो असतो."

"सरांनी नाही सांगितलं?"

"सर सांगायचे, पण मी ऐकत नव्हतो. आणि मी सांगायचो ते सर ऐकत नव्हते." मग एकदम मान वर करून, "तुमच्या नावाशी काय जुळतं?"

"ते वहीत नाही."

"मग लिहा ना."

"हा इंग्रजीचा कोश आहे, किल्लीवाले."

"बरं," तो वही घेऊन निघाला. दारातून वळून म्हणाला, "मी शोधून काढेन."

त्या संध्याकाळी मी तीन पुस्तकं चुकीच्या फळीवर ठेवली. ती ग्रंथपालबाईंनीच शोधून काढली. "नवीन पद्धत आहे का गं?" एवढंच म्हणाल्या.

*

मग एकदा अडलं. सर सकाळपासून 'किंग' म्हणत होते आणि वर बोट दाखवत होते. मी पानभर लिहून दिलं. रिंग, विंग, स्प्रिंग, स्ट्रिंग... त्याने पंखा चालू केला, बंद केला, पडद्याची दोरी ओढली, कोळिष्टकंसुद्धा काढली. सर वैतागून भिंतीकडे तोंड करून बसले.

"तुम्हीच ऐकायला या ना," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे... रविवारी. चहाला. बाबा असतातच."

"बाबा असतात म्हणूनच येते," मी म्हटलं. आणि घरी जाऊन कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढून बसले. आई दारात येऊन म्हणाली, "कुठे लग्नाला निघालीस का?" मी म्हटलं, "इंग्रजीच्या सरांकडे." ती म्हणाली, "मग चांगलं इस्त्रीचं घाल, नाहीतर मार्क कापतील."

दुसऱ्या मजल्यावर दोनच खोल्या, पण लख्ख. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत सर. किडकिडीत, ताठ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मी "गुड मॉर्निंग, सर," म्हटलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांची उजवी भुवई अशी काही वर गेली की मी झटक्यात म्हटलं, "सॉरी. गुड आफ्टरनून."

स्वयंपाकघरातून तो फसकन हसला.

मग सर बोटाने वर दाखवत म्हणाले, "किंग."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि ते बघतात तिकडे बघितलं. पंखा नव्हे. पडदाही नव्हे. भिंतीतल्या लाकडी कपाटाच्या माथ्यावर, बॅगांच्या मागे, काहीतरी चौकोनी फडक्यात गुंडाळलेलं.

"ते काय आहे?"

"रेडिओ," तो कपबशा घेऊन येत म्हणाला. "घरात शांतता ठेवा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा मी वर टाकला."

मी सरांकडे वळले. "सिंग?"

सरांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. हळूच, एकदा.

तो स्टुलावर चढला, मी स्टूल धरलं. धूळ माझ्या केसांवर, रेडिओ त्याच्या कुशीत. काटा फिरवता फिरवता कुठलंसं जुनं गाणं लागलं आणि सरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ताल धरू लागला.

"चार महिने," तो माझ्याकडे बघत राहिला. "चार महिने घरात गाणं नव्हतं..." मग बोट पुढे करून थांबला. "तुमच्या केसांवर—जाळं—"

"काढा ना मग."

त्याने काढलं. इतकं जपून, जणू माझ्या केसांत एखादं अवघड कुलूप होतं. चहा गार झाला. सर गाण्यात रमले होते, निदान तसं दाखवत तरी होते.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागले.

*

एका मंगळवारी तो साडेचारला आला तो वही परत द्यायला.

"आता लागणार नाही," तो म्हणाला. "ताई आलीय काल. शुक्रवारी बाबांना तिच्याकडे घेऊन जाते."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आठ तासांच्या प्रवासावरच्या शहरात राहायची, तिकडे मोठं घर, मोठा दवाखाना. चार महिने फोनवरून म्हणत होती, मी नेते. आणि हा चार महिने म्हणत होता, असू दे.

"आणि तुम्ही हो म्हणालात? आता तर ते सुधारतायत!"

"तिकडे आणखी सुधारतील."

"खरं कारण सांगा."

तो काउंटरच्या कडेवर नख ओढत बसला.

"रोज सकाळी मी दुकानाला निघालो की ते मला एकच शब्द म्हणतात," तो शेवटी म्हणाला. "बूट घातले की सुरू. दार उघडेपर्यंत. 'हेट.' माझ्याकडे बघून. 'हेट, हेट.' ताईला म्हणत नाहीत, तुम्हाला नाही, शेजाऱ्यांना नाही. फक्त मला."

"पण ते म्हणतात तो शब्द नसतोच ना तो! तुम्हालाच माहितीये—"

"वहीतलं सगळं लावून बघितलं मी. लेट—मला उशीर होतोय का? नाही. गेट—उघडून दाखवलं. प्लेट—हातात दिली. मेट, फेट, स्केट... काहीच नाही. आणि मॅडम, फिश म्हणाले तेव्हा फिशच होतं." तो हसायचा प्रयत्न करत होता आणि ते मला बघवत नव्हतं. "त्यांना मास्तर करायचा होता मला. मी शाळा सोडून किल्ल्या घासायची कानस घेऊन बसलो. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. एक शब्द बरोबर येत असेल, तर तो हाच असेल."

वही काउंटरवर ठेवून गेला.

मी ते पान काढलं. 'हेट'चं पान माझ्याच अक्षरात होतं. ए-टी-ई, ए-टी-ई, ए-टी-ई. एकाखाली एक, कोशात जसे छापले होते तसे. मी तीनदा वाचलं. घरी जाताना पुटपुटत होते, जेवताना पुटपुटत होते. आई म्हणाली, "कुणाचा एवढा राग आलाय?"

"आई, हेट म्हणजे राग नाही, द्वेष."

"मग तर आधी जेव, नंतर कर."

*

बुधवारी सकाळी आठला मी त्यांच्या दारात होते. ताईने दार उघडलं. त्याच्यासारखेच डोळे, पण कंबर कसलेली. मागे पलंगावर एक मोठी बॅग अर्धी भरलेली.

"तुम्हीच का वहीवाल्या?" तिने मला आपादमस्तक बघितलं. "या. त्याच्या बोलण्यात तुम्ही जरा उंच होतात."

तो बूट घालत होता. मला बघून एक बूट हातातच राहिला.

"तुम्ही इथे कशा—"

"मी नाहीच असं समजा. रोज निघता तसे निघा."

त्याने बूट घातले. पेटी उचलली. आणि खिडकीशी बसलेले सर एकदम ताठ झाले.

"हेट," सर म्हणाले. "हेट!"

त्याने मान खाली घातली आणि दाराकडे वळला. मी मात्र सरांकडे बघत होते. त्यांचा डावा हात वर गेला होता. मूठ नव्हती, बोट रोखलेलं नव्हतं. पंजा उघडा, पुढे धरलेला. रस्त्यावर वाहनं थांबवणारा पोलीस धरतो तसा.

मला एकदम ऐकू आलं. शब्द ओठांवर होता, फक्त वहीत नव्हता, कारण कोश स्पेलिंगच्या शेवटावरून लावलेला, आणि त्या पानावर तो नव्हताच. त्याचं स्पेलिंगच निराळं. डब्ल्यू-ए-आय-टी. मी डोळ्यांनी यमकं शोधत होते, आणि सर कानांनी बोलत होते.

"वेट!" मी ओरडले. "सर, वेट?"

सरांचा हात तसाच वर राहिला, पण चेहरा—तो चेहरा मी विसरणार नाही. चार महिने बंद खोलीत दार ठोठावत बसलेल्या माणसाला बाहेरून कुणीतरी ओ दिली, तसा.

"थांब म्हणतायत," मी त्याच्याकडे वळले. "द्वेष नाही हो. 'थांब.' रोज तुम्हाला थांब म्हणतायत, आणि तुम्ही रोज जाताय."

त्याने पेटी खाली ठेवली. तो खुर्चीपर्यंत कसा आला, त्याचं त्यालाही कळलं नसेल. गुडघ्यावर बसला.

"थांबलो, बाबा," तो म्हणाला. "काय?"

सरांना पुढचा शब्द लवकर येईना. ओठ हलले, पुन्हा मिटले. ताई तोंडाला पदर लावून उभी. मग त्यांनी डावा हात खाली आणला आणि लेकाची कॉलर, जी एका बाजूने आत दुमडली होती, ती बाहेर काढून सरळ केली. नीट. दोनदा हात फिरवून.

"सन," ते म्हणाले.

तो गडबडला. "ऊन? ऊन लागतंय तुम्हाला?" आणि उठून पडदा ओढायला निघाला.

"अहो, सन म्हणजे—" मी म्हणाले.

"माहितीये," तो पाठमोराच म्हणाला. पडदा त्याने नुसताच मुठीत धरला होता. "एवढं इंग्रजी येतं मला."

थोड्या वेळाने ताईने डोळे पुसले, बॅगेतले सरांचे शर्ट काढून पुन्हा कपाटात लावले आणि म्हणाली, "मी माझी पिशवी घेऊन जाते. ह्यांच्या मध्ये मी कशाला येऊ?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मात्र येत राहा. ह्या दोघांना एकमेकांचं काही कळत नाही."

*

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून तीनदा यायला लागल्या. सर सुधारू लागले. निम्मे शब्द बरोबर, निम्मे यमकातले. वहीची गरज कमी होत चालली. साडेचारला तो यायचा, पण सांगण्यासारखं काही नसायचं.

"आज काय म्हणाले?"

"कप म्हणाले. कपच हवा होता."

"छान."

"हो ना. छान."

आणि आम्ही दोघं पडलेल्या चेहऱ्याने उभे. माणूस बरा होतोय आणि आपल्याला वाईट वाटतंय, ह्याची मला लाज वाटायची. एकदा तर तो न अडलेल्या कपाटाच्या कुलपाला तेल घालून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालून गेला. "त्या कुलपाला आता आंघोळ झाली," ग्रंथपालबाई मला म्हणाल्या. "तुम्ही दोघं बोलून घ्या एकदा, नाहीतर माझे शब्दकोश तेलकट होतील."

पण बोलणार कोण? मी हजार शब्द लिहून दिले होते. सगळे दुसऱ्याचे.

त्या रविवारी मी गेले तेव्हा सर खिडकीशीच बसले होते. खाली मैदानात मुलींचा फुटबॉलचा सामना रंगला होता. तो खिडकीची सैल झालेली कडी बसवत होता. मी मदत म्हणून स्क्रू धरून उभी राहिले. चार स्क्रू होते. चारही त्याला स्वतःच्या खिशात ठेवता आले असते.

"पुढच्या रविवारी याल ना?" त्याने कडीकडे बघतच विचारलं.

"आता माझं काय काम? सर बोलायला लागले."

"हो, पण... म्हणजे काही काही शब्द अजून..."

"कोणते?"

"आहेत काही." त्याने स्क्रू उलटा लावला, काढला, पुन्हा उलटाच लावला. "जरा अवघड आहेत."

तेवढ्यात मागून सर खणखणीत आवाजात म्हणाले, "ब्राइड!"

माझ्या हातातून उरलेले तिन्ही स्क्रू पडले.

आम्ही दोघं वळलो. सर आमच्याकडेच बघत होते. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. डावा हात आमच्या दोघांमध्ये इकडून तिकडे हलवत पुन्हा म्हणाले, "ब्राइड! ब्राइड!"

ब्राइड म्हणजे नवरी. हे त्याला माहीत होतं, कारण तो शब्द मीच वहीत लिहिला होता. त्याचा चेहरा कानापासून कानापर्यंत लालबुंद झाला.

"बाबा!" तो ओरडला. "अहो, मी अजून त्यांना विचारलंसुद्धा नाहीये!"

खाली मैदानात कुणीतरी शिट्टी वाजवली.

सरांनी कपाळाला आठी घातली. मान आधी डावीकडे काढली, मग उजवीकडे, आमच्यामधून खाली काही दिसतंय का बघायला. मैदानात जल्लोष झाला. गोल झाला असणार. सरांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला.

"ब्राइड!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही दोघं खिडकी अडवून उभे होतो!

"साइड," मी कशीबशी म्हणाले. "सर म्हणतायत... बाजूला व्हा."

त्याने माझ्याकडे बघितलं. सरांकडे बघितलं. मग हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे, जणू ह्याच्या मागे लपता येतंय का, बघावं.

आधी सरच हसले. खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. आजारपणानंतर ते असे पहिल्यांदाच हसत होते, आणि थांबायला तयार नव्हते.

"काय विचारायचं होतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"किल्लीवाले, मी तुम्हाला बकरीपासून नवरीपर्यंत सगळे अर्थ लिहून दिलेत. आता तुम्हाला एक साधा प्रश्न विचारता येत नाही?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. हात पँटला पुसले. पितळेचा कीस अजूनही बोटांवर चमकत होता.

"मला यमक जुळवता येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या नावाशी शोधून शोधून थकलो, एकही धड सापडलं नाही. म्हणून सरळच विचारतो. तुम्ही... तू... माझ्याशी लग्न करशील?"

मला वाटलं होतं, असा प्रश्न आला की मी काहीतरी छान, लक्षात राहील असं बोलेन. इतकी पुस्तकं वाचलीत. पण तोंडातून निघालं ते एकच अक्षर.

"हो."

"नक्की हो? म्हणजे 'हो'च ना? दुसरं काही म्हणायचं नाही ना तुला?"

"दुसरं काही नाही. पहिला आवाजही बरोबर आहे."

तो हसला. मी हसले. त्याने हात पुढे केला आणि मी धरला, आणि कुणी काही बोलायच्या आत मागून आवाज आला.

"साइड!" सर ओरडले. स्पष्ट, खणखणीत, एकही अक्षर न चुकता.

आम्ही पटकन बाजूला झालो. दोघंही एकाच बाजूला.